उत्तर देणारी भुई

एका राज्यात भुईला विचारल्यावाचून कुणी तिच्यावर काही ठेवीत नसे. पाळणा असो वा पाटा, आधी तळहात टेकायचा, "सांभाळशील ना?" म्हणायचे, मगच ओझे उतरवायचे. राजा सोमकेतूला मात्र हा शुद्ध खुळेपणा वाटे. शापित खजिन्याचे सोने वितळवून त्याने हत्तीएवढे सिंहासन घडवले. त्याला हिऱ्याचे चार टोकदार पाय लावले. अवघा भार त्या चार टोकांवर! आणि भुईला न विचारताच स्वारी वर चढून बसली.

तत्क्षणी खजिन्याचा राखणदार, मांत्रिक वज्रदंत, दरबारात प्रकटला. म्हणाला, "जिला तू विचारले नाहीस, ती तुला उत्तर देणार नाही."

सिंहासनाचे पाय फरशीत शिरले. राजाला उठता येईना. सिंहासन तसूतसूने खाली जाऊ लागले.

राजकन्या कनकरेखा दिसेनाशा झालेल्या मांत्रिकाच्या शोधात निघाली. वाटेत दलदल लागली, आणि पहिल्याच पावलाला ती गुडघ्यापर्यंत रुतली. शेजारी कमळाच्या पानावर एक पक्षी खुशाल फिरत होता. त्याची बोटे चांगली लांबलचक होती.

"पक्षिराज, तू कसा बुडत नाहीस?"

"माझा भार मी एका जागी देत नाही. वाटून देतो."

राजकन्या चिखलावर आडवी झाली, हातपाय पसरले आणि सरपटत पार गेली. पक्षीही सोबत उडत आला.

पुढे गुळगुळीत कडा होता. चढायला जावे तो घसरावे. पक्षी म्हणाला, "आपण भुईला दाबतो, तशी भुई आपल्याला उलट रेटते. तो रेटा भुईच्या अंगातून सरळ बाहेर येतो. ती तिरपी, तर रेटाही तिरपा." मग राजकन्येने दगडाने आडव्या पायऱ्या खोदल्या. प्रत्येक पायरीने तिला नीट पेलले.

माथ्यावर वज्रदंत बसला होता. त्याने तिच्या तळहातावर शिळा ठेवली.

"हिला किती रेटा देशील?"

तिने शिळा तोलून धरली. "ती दाबेल तेवढाच. कमी दिला तर पडेल. जास्त दिला तर उडेल."

"भुई हेच करते. अहोरात्र, न बोलता. जा, शाप उतरवणे तुझ्या पित्याच्याच हाती आहे."

ती परतली तेव्हा राजा गळ्यापर्यंत खचला होता. हात तेवढे वर होते.

"तात, तिला विचारा."

"मी राजा आहे, कनकरेखे."

"आणि बुडत आहात."

राजाने तळहात भुईवर टेकला. माती ओठांना लागली होती. "माते, सांभाळशील ना?"

आणि पायाखालून रेटा आला! जन्मभर आपण चाललो ते हिच्या आधाराने, प्रत्येक पावलाला हिने आपल्याला पेलले, हे राजाला त्या घटकेला कळले. तो लहान मुलासारखा रडला. भुईने त्याला अलगद वर आणले. सिंहासन मात्र तिने ठेवून घेतले.

आता त्या राज्याचा राजा रुंद लाकडी पाटावर बसतो. बसण्याआधी तळहात टेकतो, आणि खालून उत्तर येईपर्यंत थांबतो.