उंबराईनं रंगवलेलं वांगं

ओ पाव्हणं, नारळ पिशवीतच राहू द्या! आमच्या उंबराईला नारळ चालत नाही. वांगं लागतं, तेबी एकच. ते बघा, पुढ्यात ठेवलंय. हसू नका. आधी ऐका, मग पाहिजे तेवढं हसा.

फार पूर्वी वांगं हिरवं असायचं म्हणे. टोपीसकट सगळंच हिरवं, ओळखूसुद्धा यायचं नाही पाल्यात. तेव्हा या टेकडीखाली गौराक्का माळीण राहायची. तिची एकुलती लेक बायजा. ऐन पौषात पोरीला असा ताप भरला, की तीन दिवस डोळा उघडेना. वैद्यानं हात टेकले. गौराक्का धावत वर आली, पदर पसरला आणि बोलून गेली, "आई, पोरीला उठव, उद्याच्या उद्या तुला जांभळं वाहीन!"

खाली जाते तर काय, बायजा चुलीपाशी बसून भाकरी मागतीय!

गाव नाचायला लागलं. पण भिवा गुरवानं कपाळावर हात मारला. "गौराक्के, डोकं ठिकाणावर हाय का? पौषात जांभळं? झाडाला फूलसुद्धा नाही अजून!"

झाली का पंचाईत! आणि उंबराई शब्दाची लई कडक. नवस चुकला की दिलेलं परत नेते, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी दुपारी बायजाचं अंग पुन्हा कोमट लागायला लागलं. गौराक्कानं अख्खा ओढा पालथा घातला, दिसेल ते जांभळीचं झाड हलवलं. पडलं काय, तर मुंगळे!

गुरव म्हणाला, "माफी माग. जेठात दुप्पट वाहा."

"जेठापर्यंत पोर राहील का रं माझी?"

दिवस कलायला लागला. गौराक्का घरी आली, वाफ्यातलं एक वांगं तोडलं आणि तडक देवीपुढं उभी राहिली.

"आई, मी जांभळं म्हणाले. फळ म्हणाले का? आठव बरं! हे वांगं आणलंय. आता ते हिरवं ठेवायचं का जांभळं करायचं, तुझं तू बघ!"

गुरवानं तर कानांवर हात ठेवले. देवीशी असली हुज्जत!

आणि देवी हसली म्हणे! खदाखदा! घंटा आपोआप वाजायला लागली, आणि गौराक्काच्या हातातलं वांगं बुडापासून जांभळं होत वर चढायला लागलं! नुसतं चमकतंय राव! बाई घाबरली, तिनं देठापाशी मूठ अशी आवळली, की तेवढीच जागा हिरवी राहिली. तीच वांग्याची टोपी! आणि देठावरचे काटे? तिच्या अंगावर आलेला काटा, तो तिथं उतरला.

गुरव ओरडला, "अगं, वांगं जांभळं झालं!"

"मग? मी दुसरं काय बोलले होते?"

ती घरी पोचली तर पोरीचं अंग गार, आणि वाफ्यातली सगळी वांगी जांभळी. तिथनं बी गावोगाव गेलं.

आजही इथं कुणी नवस बोलायला लागलं, की गुरव मध्येच अडवतो, "थांबा थांबा, नीट बोला. फळ का रंग?"

आणि आमच्या गावच्या बाया त्याला गप्प करतात, "तू कशाला विचारतोस? तिचं ती बघंल की!"