मानाईच्या पानावरची ताकीद

“...पण त्याला बाहेर कधी काढणार, तेवढं सांगा बाई!”

विश्रामने हे विचारलं तेव्हा त्याची एक चप्पल अजून पायात होती. चिपळूणहून वाईपर्यंत एसटीत तो हेच एक वाक्य घोकत आला होता.

मंदाकिनीबाई कॉम्प्युटरसमोर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दुसरी चप्पल काढ आणि बस आधी.”

बाई म्हणजे महाजालावरच्या ज्ञानकोशाच्या जुन्या प्रचालक. कोश असा, की कोणीही यावं, लिहावं आणि दुसऱ्याचं खोडावं. खोडाखोडी हातघाईवर आली की माणसाला दार दाखवायचा अधिकार बाईंचा. विश्रामला कोशात पहिलं वाक्य लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. गावात तो शाळामास्तर असेल, इथे अजून विद्यार्थीच होता, आणि विद्यार्थ्यांतही महाहट्टी.

भांडण मानाईवरून होतं. दुष्काळात घाटमाथ्यावर चूल मांडून येईल त्याला जेवू घालणारी मानाई. विश्रामच्या डोंगरवळ समाजाचं म्हणणं, ती आमची लेक. खाडीकाठचे खाडवळ म्हणतात, छे, आमची! त्यांच्या बाजूने लिहिणारा एक जण ‘भरतीओहोटी’ या नावाने लिही. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. विश्रामने स्वतःसाठी ‘कडेलोट’ हे नाव घेतलं होतं, यावरून काय ते समजावं.

याने लिहावं, त्याने ते उलटवून आधीचं परत आणावं. त्याने लिहावं, याने उलटवावं... दीड वर्ष हेच. शेवटी बाईंनी पानावर दोघांचा एकेक परिच्छेद ठेवला आणि दोघांना सारखीच ताकीद दिली. मानाईच्या पानाला पुन्हा हात लावाल, तर कोशातून कायमचे बाहेर.

“तो खोटारडा आहे, बाई.”

“त्याचं म्हणणं काय आहे?”

“सांगितलं ना, खोटं आहे.”

“हे तुझं म्हणणं झालं.”

विश्राम पुन्हा उसळला.

“तुम्हाला काय जातंय, बाई? मला लोक रस्त्यात अडवतात. म्हणतात, मास्तर, तुमच्यासारखा शिकलेला माणूस असताना आपली अर्धी मानाई त्यांच्या घशात गेलीच कशी? काय तोंड दाखवू मी?”

बाईंनी मटाराचं ताट बाजूला सारलं आणि मानाईचं पान उघडलं.

दोघंही जागच्या जागी थिजले.

डोंगरवळांचा परिच्छेद नाहीसा झाला होता. त्या जागी दोन ओळी होत्या, डोंगरवळांच्या आयाबहिणींवर. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. लिहिणारा निनावी होता. हे भांडण व्हॉट्सॲपवर पोचल्यापासून असे पाहुणे येत आणि घाण करून जात.

विश्रामचा हात कीबोर्डकडे झेपावला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“ताकीद आठवतेय ना?”

“बाई, लोक वाचतायत हे!”

“उलटवलंस तर तू बाहेर.”

“मग तुम्ही उलटवा!”

“नाही.”

“का पण?”

“थांब जरा.”

“कशासाठी थांबायचं?”

बाईंनी त्याचं मनगट सोडलं.

विश्राम उठला. पुन्हा बसला. त्याला बाईंचा संताप आला होता आणि रडूही येत होतं. आपल्या म्हाताऱ्या आईला हे कोणी वाचून दाखवलं तर? जिच्याकडे न्याय मागायला आलो, तीच हात बांधून बसली आहे, असं त्याला वाटलं.

बाईंनी पान नव्याने उघडून पाहिलं. घाण तशीच.

थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. तशीच.

मटाराची एक शेंग त्यांच्या हातात कधीची होती. ती सोलायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

पुन्हा...

त्या दोन ओळी गेल्या होत्या. परिच्छेद जागेवर आला होता, आणि त्यातला शब्द न शब्द विश्रामचा होता. मानाई ‘निःसंशय’ डोंगरवळ होती, यातल्या ज्या ‘निःसंशय’वरून दोन महिने रण माजलं होतं, तो शब्दसुद्धा होता तिथेच होता.

“कोणी केलं?”

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

भरतीओहोटी.

विश्रामने ते नाव दोनदा वाचलं. बाईंनी मोठा श्वास सोडला. तो येईल याची त्यांनाही खात्री नव्हती, हे विश्रामला तेव्हा कुठे कळलं.

“हात लावला त्याने पानाला,” बाई म्हणाल्या. “ताकीद असताना. तू मागत होतास तेच झालं. काढू बाहेर?”

“नका!” विश्राम ओरडलाच. “अहो बाई, त्याने माझं... आमचं... नका ना!”

“नियम आहे.”

“नियम केला कोणी?”

“मी.”

“मग तुम्हीच मोडा!”

बाई खुदकन हसल्या. त्यांनी ताकीद मागे घेतली. एकट्याची नाही, दोघांचीही.

विश्रामला एकदम हलकं वाटलं. दीड वर्ष आपण रात्री नीट झोपलेलो नाही, हे त्याला आत्ता जाणवलं. आईलाच काय, आता कोणालाही ते पान खुशाल दाखवता आलं असतं. त्याने डोळे पुसले आणि ते बाईंपासून लपवलंही नाही.

मग त्याने कीबोर्ड ओढून घेतला. स्वतःच्या वाक्यातलं ‘निःसंशय’ खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘डोंगरवळ समाजाच्या श्रद्धेनुसार’. बाई बघत होत्या.

त्यानंतर त्याने एकमेकांशी बोलायचं चर्चापान उघडलं. भरतीओहोटीला निरोप लिहायला बसला आणि त्याची बोटं अडली. दीड वर्षात या माणसाला त्याने दूषणं सोडून दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

“बाई, याला... काय लिहू?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजत आले होते.

“जेवलात का, म्हणून विचार.”