पटकीचा पाट

नदीपलीकडच्या वेतगड राज्यात पटकीची साथ आली. माणसं ओकून-ओकून मरू लागली, तेव्हा त्यांनी अलीकडच्या कांचनगडाकडे मदत मागितली. राजवैद्य साळूबाईंनी लगेच होडीत औषधं भरली आणि दिवाण रंगोपंतांनी लगेच होडी अडवली.

"निरोप धाडला तो कुणाहाती? नावाड्याहाती," पंत भर दरबारात म्हणाले. "अक्षत नाही, नारळ नाही. त्यांचा कारभारी स्वतः बोलवायला येऊ दे. मानपान झाल्याशिवाय आपली होडी हलणार नाही."

महाराजांनी मान डोलावली. पंतांपुढे ते नेहमीच डोलावत. साळूबाईंच्या मस्तकात तिडीक गेली, पण त्या "बरं" म्हणून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत दार उघडतात तो काय, अंगणात रांगोळी. मधोमध पाट, पुढ्यात केळीचं पान आणि शेजारी हळदकुंकू घेऊन साळूबाई.

"हे कुणासाठी?"

"पटकीसाठी. पलीकडे तिला आवरलं नाही, तर ती नदी उतरून इकडेच येणार. बिचारीला मानपान कळत नाही, आमंत्रणाशिवाय येते. पण आपण रीत सोडायची नाही. पहिला पाट दिवाणजींच्या दारी. पंगतीला काय करताय, श्रीखंड की बासुंदी?"

पंतांनी धोतराचा सोगा हातात धरून नदीकाठ गाठला. कमरेइतक्या पाण्यात उतरून होडीला स्वतः धक्का दिला आणि वैद्यमंडळींना बजावलं, "जोरात वल्हवा. आणि तिथं कुणी पाणी विचारलं नाही, तरी रुसू नका."