भिवरा बुरडीण आणि विसरबाई

राजाराणीची गोष्ट काल झाली. आज राजा नाही, बरं का. आज आहे एक बुरडीण. तिचं नाव भिवरा.

तिचं गाव तळ्याकाठी. पलीकडे बांबूचं बन. भिवराचा नवरा सिद्राम बांबू तोडून आणायचा आणि दोघं मिळून सुपं-टोपल्या विणायची. त्यांना एक मुलगी होती, तुळसा. रोज दिवेलागणीला सिद्राम तिला मांडीवर घ्यायचा आणि गाणं म्हणायचा. गाणं त्याचं त्यानंच जुळवलेलं.

बांबूच्या बनात वारा थिजला,
सुपात माझ्या चांद भिजला,
बाळीचा माझ्या डोळा निजला.

तिसरी ओळ संपायच्या आत तुळसा झोपलेली असायची.

एकदा काय झालं, सिद्राम तापानं पडला. पडला तो उठलाच नाही. गावानं त्याला नेलं, आणि घर एकदम मोठं झालं. असं होतं. माणूस जातं आणि घर मोठं होतं.

मग एका संध्याकाळी तळ्यावरून धुकं आलं. धुक्यातून आली एक म्हातारी. पांढरे केस, पांढरं लुगडं, पाठीवर रिकामी झोळी. तिचं नाव विसरबाई. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी ती येते. दारात बसते आणि उठताना काहीतरी घेऊन जाते.

भिवरा म्हणाली, "आजी, आलीस ते बरं झालं. त्याच्या तापाचे दिवस घेऊन जा. त्याच्या घशाखाली पाणी उतरेना, ती सकाळ घेऊन जा. मला सोसत नाही."

विसरबाईनं मान हलवली. "ते फार जड असतं गं बाई. सगळे मला तेच देऊ करतात. माझी ही म्हातारी पाठ, मला नाही उचलत. मी आपली हलकं हलकं नेते."

आणि तसंच झालं. भिवरा कालवणात मीठ घालायला विसरली, बांबूच्या कामट्या भिजत घालायला विसरली. कोरड्या कामट्या विणताना तडातड मोडल्या. मग शेळी उन्हात बांधली आणि तिथेच विसरली. शेळी बिचारी ओरडून ओरडून दमली. ताप मात्र सगळा आठवत होता.

मग भिवरानं काय केलं? आपल्या बायका करतात तेच. पदराला गाठ मारली. मिठाची एक, शेळीची एक, कामट्यांची एक. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. पदर डोक्यावर घेता येईना.

शेजारची येसूआत्या म्हणाली, "अगं भिवरे, पदर आहे का लसणाची माळ?"

"आठवण राहावी म्हणून मारल्यात, आत्या."

"बरं, मग ही कशाची?"

भिवरा गाठीकडे बघत राहिली. तिला सांगता येईना.

संध्याकाळी विसरबाई दारात बसून हसली. "गाठी तुला राहू देत. गाठीमागचं तेवढं मी नेते."

त्या दिवशी तुळसा मांडीवर येऊन म्हणाली, "आई, आबांचं गाणं म्हण."

भिवरानं सुरुवात केली. "बांबूच्या बनात वारा... वारा..."

पुढे येईना.

"थिजला," तुळसा म्हणाली. मग तिनं भीतभीत विचारलं, "आई, उद्या मीपण विसरले तर?"

भिवराच्या मनात आलं, मीठ गेलं तर गेलं. पण हे गाणं गेलं, तर पोरीला बाप उरतोच कुठे?

दुसऱ्या दिवशी ती विचार करत उठली. पाणी आणायला निघाली. दाराची आडवी चौकट खाली होती, म्हणून वाकली, बाहेर पडली, आणि थबकली. इतकं सगळं विसरले, पण इथे वाकायचं कशी विसरले नाही? कारण ते डोक्यात नव्हतंच, बरं का. ते दारात होतं. दार दिसलं की पाठ आपोआप वाके.

मग भिवरानं तुळसाकडून गाणं पुन्हा म्हणवून घेतलं आणि पहिली ओळ दारात ठेवली. बांबूचं दार, बांबूची ओळ. आत येताना म्हणायची, बाहेर जाताना म्हणायची. मोठ्यानं, लाजायचं नाही. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. म्हणू देत.

मग दुसरी ओळ सुपात ठेवली. धान्य पाखडायला रोज लागतंच. सूप हातात घेतलं की ओळ तोंडात.

तिसरी ओळ कुठे ठेवायची? ती तुळसाच्या कानात ठेवली. वेणी घालताना भिवरा अर्धी म्हणायची, तुळसा उरलेली. रोजच्या कामाशेजारी ठेवलेली गोष्ट सहसा हरवत नाही. म्हणून तर तुम्हाला सांगते, डबा दप्तराशेजारी ठेवा. पण माझं ऐकतंय कोण?

मग धुकं पुन्हा आलं. विसरबाईनं भिवराच्या डोक्यावर हात ठेवला आणि चाचपलं. "गाणं कुठे ठेवलंस गं?"

"घरभर ठेवलंय."

"शहाणी आहेस. पण रिकाम्या झोळीनं मी उठत नाही."

भिवरानं तिचे पाय धरले. उपयोग झाला नाही. विसरबाईनं काहीतरी उचललं, अगदी हलकं, पिसासारखं. ते होतं सिद्रामचं हसणं. सिद्राम हसायचा, एवढं भिवराला ठाऊक राहिलं. कसं हसायचा, ते गेलं. तिनं पुष्कळ आठवून पाहिलं. नाही आलं.

मग दिवस गेले. धुकं विरळ झालं. तुळसा मोठी झाली, विणायला बसू लागली. गाणं दोघींच्या तोंडी होतं. एकदा काम करता करता येसूआत्या काहीतरी बोलली आणि तुळसा खदखदून हसली.

येसूआत्या म्हणाली, "ऐकलंस का भिवरे? अगदी बापासारखी हसते पोर."

"हो?" भिवरा म्हणाली. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "आत्या, तिला अजून एकदा हसवा ना."

येसूआत्यानं हसवलं. भिवरानं डोळे मिटून ऐकलं.

पुढे त्या मायलेकी पोटभर जेवल्या, पुष्कळ जगल्या. एवढीच गोष्ट. आता कुशीवर वळा बघू. दिवा मी मालवते.