पिवळ्या पट्टीची मानकरी

आटपाट महानगर होतं. तिथल्या फूटपाथवर, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, पिवळ्या खडबडीत फरशांची पट्टी होती. त्या पट्टीवरून मृणालिनीताईंची पांढरी काठी टकटक करत काय ऐटीत चालायची! "ताईंना अख्खं शहर मी दाखवते," असं खांबाखांबाला सांगायची.

एका सकाळी ती ठाणकन अडली. पट्टीच्या मधोमध नवीकोरी इलेक्ट्रिक स्कूटर उभी!

काठी म्हणाली, "सरक गं, ताईंची नोकरीची मुलाखत आहे. उशीर होतोय."

स्कूटर म्हणाली, "मग रस्त्यावरून जा की!"

"रस्त्यावरून? तुझ्या बहिणी मांजरीसारख्या गुपचूप अंगावर येतात, तिथून? आणि चोरासारखा वळसा आम्ही का घालायचा?"

काठीने असा टोला हाणला, की आवाज न करण्याचा तोरा मिरवणारी ती बया अलार्म वाजवत बोंबलायलाच लागली. मालक हातातला चहा टाकून धावत आला.

"अहो मॅडम, बाजूने जायचं ना!"

"बाजू तुम्हाला दिसते ना?" ताई म्हणाल्या. "मग तुम्हीच व्हा बाजूला."

मालकाने स्कूटर हटवली. काठी टकटक करत मुलाखतीला निघाली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.