पालथा परळ

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका राज्यात दुकानांवर पाट्या नसत. मग नवा माल आल्याचे गिऱ्हाइकाला कळायचे कसे? त्यासाठी मैना होत्या. लहानमोठा प्रत्येक व्यापारी मैना पाळी, तिला चार शब्द शिकवी आणि सकाळी सोडून देई. ती दारोदार जाऊन मालकाच्याच आवाजात वर्दी देई.

राजा शहाणा होता. असे राजे गोष्टींतच भेटतात, पण असू दे. त्याने नियम घालून दिला होता. ज्याला वर्दी हवी, त्याने दारात मातीचा परळ ठेवून त्यात दाणे टाकावेत. नको झाली, की परळ पालथा घालावा. पालथ्या परळाच्या दारी मैनेने तोंड उघडायचे नाही.

त्या राज्यात एक कासार होता. पैलतीरावरच्या एका बाईला तो बहीण मानी. तिच्या लेकीला पहिली बांगडी त्याने भरली, लग्नाचा चुडाही त्यानेच. आता ती लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

"कासारदादा, सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या तुमच्याच हातच्या हं!" बाई म्हणाली आणि तिने परळात मूठभर दाणे टाकले.

कासार माल आणायला दूरच्या भट्टीवर गेला. परतला तो ऐन जत्रेच्या तोंडावर. घरभर बांगड्यांचे ढीग, जिवाला उसंत नाही. त्याने घाईघाईने मैनेला शिकवले, "ताई, लेकीला सातवा लागला ना? हिरव्या बांगड्या आल्यात. कधी भरायच्या?"

मैना गेली तशीच परत आली. "मालक, तिथे परळ पालथा आहे."

"वाऱ्याने कलंडला असेल. तू जाऊन बोल."

"पण मालक, नियम आहे."

"मला नियम शिकवतेस? ते घर माझ्या बहिणीचं आहे. जा!"

मैना बिचारी गेली आणि बोलली. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. उत्तर येईना, तेव्हा कासाराने तिला आणखी मोठ्याने बोलायला शिकवले. होडीत बसून एकदा स्वतः जाऊन यावे, हे काही त्याच्या मनात आले नाही. मैना पाळल्यापासून त्याचे दारोदार फिरणे सुटले होते, आणि त्याबरोबर माणसांची विचारपूसही.

जत्रा आटोपल्यावर तो बांगड्या घेऊन गेला. बाई उंबऱ्यात बसली होती.

"ताई, लेक कुठंय? बोलवा तिला."

बाईने वर पाहिले. "ती गेली, दादा. पोटातल्या बाळासकट. तुम्ही भट्टीवर होतात तेव्हा."

कासाराने बांगड्या खाली ठेवल्या. "मला वाटलं, परळ वाऱ्याने..."

"रोज वारा होता का, दादा?" बाईचा आवाज चढला नाही. "तुमची हाक आली की वाटायचं, दादा भेटायला आले. मी धावत दाराशी यायची. आणि रोज तेच ऐकायची, लेकीला सातवा लागला ना?"

मग ती उठली. "आता येऊ नका," एवढेच म्हणाली आणि तिने दार लावून घेतले. राजाकडे तिने तक्रार केली नाही. केली असती तर बरे झाले असते. शिक्षा भोगून माणूस मोकळा तरी होतो.

गोष्ट गावोगाव पसरली. घराघरांतल्या बायकांनी परळ पालथे घातले, एकट्या कासारासाठी नव्हे, सगळ्यांसाठीच. कधीही नियम न मोडलेली वाती विकणारी म्हातारी त्यात उपाशी राहू लागली. दाणे मिळेनात, म्हणून मैना रानात निघून गेल्या.

पुढे ती बाई वारली. कासाराला ते फार उशिरा कळले, कारण त्याला निरोप धाडावा असे तिच्या घरी कोणालाच वाटले नव्हते. त्या दिवशी तो खूप रडला.

तात्पर्य : कोणी 'नको' म्हटले, की कारण न विचारता थांबावे, त्या 'नको'मागे किती दुःख आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.