रायाजी नावाची गुराब

ही हकिकत जशी ऐकली तशीच इथे उतरते आहे की नाही, याची शंका पहिल्या वाक्यापासून आहे. ऐकून फार वर्षे झाली. मधल्या काळात वाचलेले काहीबाही तीत मिसळले असेल. मात्र वेळखोल गावाच्या वाळूच्या पुळणीवर जे ऐकू येते, त्याबद्दल स्मरणाची चूक संभवत नाही. होड्या मासेमारीला निघाल्या की तिथल्या बायका पाण्याच्या कडेला उभ्या राहतात आणि आपापल्या नवऱ्याला नाव घेऊन हाक मारतात. मोठ्याने, सासऱ्यादेखत. होडीतल्या माणसाने मागे वळून हात केल्याशिवाय हाक थांबत नाही. पाहुणे हसले तर एखादी सुनावते, “तुमच्यात नाव घ्यायला उखाणा लागतो, आमच्यात घसा लागतो!”

देवळाचे म्हातारे पुजारी बाबल गुरव पाहुण्यांना पायरीवर बसवून याचे कारण सांगत. सांगताना मात्र ते हसत नसत.

वेळखोलला पूर्वी आरमाराचे ठाणे होते म्हणे. रायाजी मयेकर हा त्या आरमारातला तांडेल, म्हणजे जहाजावरचा अधिकारी. फिरंग्यांशी झालेल्या झुंजीत त्याचे गलबत जळाले. काही माणसे पोहून आली, तो आला नाही. त्याची बायको आवडी बांगड्या उतरवायला तयार होईना. “प्रेत दाखवा, मग उतरवते,” एवढेच म्हणे.

त्याच सुमारास खाडीकाठी नवी गुराब बांधून होत आली होती. तोफांची मोठी लढाऊ नौका. आरमाराची रीत अशी, की अशा नौकेला लढाईत पडलेल्या शूराचे नाव द्यायचे, आणि त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने तिच्या तोंडाशी ओठ नेऊन ते उच्चारायचे. म्हणजे मेलेल्याचे बळ लाकडात उतरते.

आरमाराचे सुभेदार स्वतः आवडीच्या दारात आले. “बाई, रायाजी म्हटलं की आमची पोरं आगीत उडी घेतात. ते नाव द्या.”

“आणि ते परत आले तर?”

“समुद्रानं नेलेलं कोण परत आलंय?”

सासू रडत म्हणाली, “दे गो आवडे. चितेचा धूर नाही मिळाला माझ्या राजाला, निदान नाव तरी पाण्यावर राहील.”

आवडीने लग्न झाल्यापासून नवऱ्याचे नाव कधी उच्चारले नव्हते. त्या काळी कुणीच उच्चारत नसे. ते तिने पहिल्यांदा उच्चारले ते गुराबेच्या ओल्या, तेलकट लाकडाशी. बोलताना तिच्या ओठांना लाकूड उबदार लागले, असे सांगतात. घरी येऊन तिने बांगड्या उतरवल्या.

पावसाळा सरला आणि रायाजी परत आला.

फिरंग्यांच्या कैदेतून सुटून, रानावनातून चालत आला होता. हाडांचा सापळा उरला होता, पण जिवंत होता. आवडीने पुन्हा चुडा भरला. गावाने गुलाल उधळला. त्या गोंधळात सासूने “रायाऽ” म्हणून हाक मारली आणि तो वळला नाही. तोफांनी कान गेले असतील, असे लोक म्हणाले. पण आवडीने हळूच “अवो” म्हटले की तो लगेच पाहायचा.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. खाडीत सुतार गुराबेच्या बाजूला खिळे ठोकत, तेव्हा रायाजी घरात बरगडी धरून बसे. एकदा गुराबेच्या तळात पाणी शिरले, त्या दिवशी त्याला जेवताना ठसका लागला आणि तोंडातून खारे पाणी आले. आवडीने ते बोटाने चाखून पाहिले. आणि गुराब तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लढाईवर निघणार होती.

आवडी सुभेदारांकडे धावली. “नाव बदला. दुसरं कुणाचंही द्या.”

“पाण्यात उतरलेल्या जहाजाचं नाव बदलत नाहीत, बाई. खलाशी चढायचे नाहीत.”

गुराब बांधणारा थोरला सुतार तिथेच होता. तो म्हणाला, “दिलं तुम्ही, तर मागेही तुम्हीच घेऊ शकता. गुराबेसमोर उभं राहून नवऱ्याला नावानं हाक मारा. तो वळला तर नाव त्याचं.”

“आणि नाही वळला तर?”



त्रिपुरी पौर्णिमेला, सूर्य बुडता बुडता, आवडी पुळणीवर गेली. सारा गाव मागे उभा होता. रायाजी तिच्या शेजारी, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. गुराब खाडीच्या मुखाशी नांगरलेली होती, तोंड समुद्राकडे. आवडीने लाज गिळली, डोळे मिटले आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, “रायाजीऽ!”

शेजारचा माणूस पाण्याकडे पाहत तसाच उभा राहिला.

गुराब वळली. वारा पडलेला होता. नांगराचा दोर करकरला, आणि तिचे तोंड हळूहळू फिरून जमिनीकडे, नेमके आवडीकडे येऊन थांबले.

लोक मागे सरले. रायाजीने पाण्याकडे पाऊल टाकले, तसा आवडीने त्याचा दंड धरला. “अवो, नका जाऊ. तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही.”

तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “माझं नाव घेऊन ती एकटी मरायला जाणार, आणि मी इथं पेज पीत बसू?”

सकाळी तो गुराबेवर तांडेल म्हणून चढला. गुराब क्षितिजापलीकडे गेली. पुढे तिच्या तोफा कुणी ऐकल्या नाहीत, जळताना कुणी पाहिली नाही, एक फळीदेखील किनाऱ्याला लागली नाही.

आवडी पुष्कळ जगली म्हणे. गावात नवी सून आली की ती तिला पुळणीवर घेऊन जाई आणि दटावी, “लाजतेस काय? घे नाव. रोज घे. त्याच्या कानाला तुझी सवय लागू दे, पाण्याची लागायच्या आधी.” आजही वेळखोलला कुठल्याच होडीला माणसाचे नाव देत नाहीत, आणि आजही एखादा नवरा वळायला उशीर करतो तेव्हा पुळणीवरची थट्टा एकदम थांबते.

गुराब वळली ती ओहोटीने, असे मानण्याची सोय आहे. नांगरलेली नौका पाण्याच्या ओढीला तोंड देते. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडू लागले की तिचे तोंड जमिनीकडे फिरते. बाबल गुरवांना हे समजावून सांगितले, तेव्हा ते नुसते “असेल” म्हणाले. भरती-ओहोटीच्या वेळा तिथीप्रमाणे ठरतात, म्हणून पुढे कित्येक वर्षांनी, ते हयात नसताना, त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी तिथे जाऊन हे पडताळून पाहता आले. सूर्य बुडाला तेव्हा ओहोटी संपून भरती लागत होती, आणि खाडीच्या मुखाशी नांगरलेल्या सगळ्या होड्या, एकही न चुकता, समुद्राकडे तोंड करीत होत्या.